आधी ओहोटी बघा, मग ठिकाण ठरवा: गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर निसर्ग पाहायला जाताना

पुण्या-मुंबईचे पाहुणे गोव्यात उतरतात ते ठिकाणांची यादी घेऊनच. वागातोर, हरमल, काब द राम, पाळोळे. यादी चांगलीच असते, घोळ होतो तो वेळेत. भर दुपारी, भरतीचं पाणी खडकांवर आदळत असताना हणजूणला पोचायचं आणि "इथं तर नुसते दगड आहेत" म्हणत शॅकमध्ये जाऊन बसायचं, हा प्रकार हिवाळाभर चालू असतो. त्याच दगडांत चार-पाच तास आधी समुद्रफुलं उमललेली असतात, खेकड्यांची पळापळ चाललेली असते आणि गावातल्या बाया कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) फोडत बसलेल्या असतात.

जुन्या हिशेबाने गोव्याचा किनारा जेमतेम १०५ किलोमीटर लांब. उत्तरेला तेरेखोलची खाडी, दक्षिणेला पोळे. एवढ्याशा पट्ट्यात खडकाळ भूशिरं, नद्यांची मुखं, कांदळवनं, कासवांच्या विणीच्या पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, आणि पावसाळ्यात फुलणारे सडे, म्हणजे कातळपठारं, असं सगळं सामावलं आहे. मात्र यातली प्रत्येक गोष्ट दिसण्याची वेळ निराळी. म्हणून बेत आखताना क्रम असा ठेवा: आधी महिना, मग तिथी, मग ठिकाण. हॉटेलचं बुकिंग सगळ्यात शेवटी.

महिना कोणता

खडकांवर उतरायचं असेल आणि पक्षी पाहायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. परतीचा पाऊस आटोपलेला असतो, समुद्र निवळलेला असतो, उत्तरेकडून आलेले चिखल्या, तुतवार, कुरव हे पक्षी नदीमुखांवर स्थिरावलेले असतात. कासवांची वीण साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होते आणि मार्चपर्यंत, कधी पुढेही चालते. पिल्लं बाहेर पडताना पाहायची असतील तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल हा काळ जास्त भरवशाचा. तेव्हा ऊन मात्र भाजून काढतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच बाहेर पडावं.

जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचं नाही, यात चर्चेला जागा नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते घरी बसतात, तर पाहुण्याने पाण्यात कशाला जावं? पण पावसाळ्यात गोव्याला येऊच नये, असंही नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जांभ्याचे सडे फुलतात. त्याबद्दल पुढे येईलच.

तिथीवरून ओहोटी काढायची रीत

लेखातलं फार काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचा साधा हिशेब आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. येईल ती भरतीची वेळ. मोजणी प्रत्येक पक्षात प्रतिपदेपासून, पौर्णिमा-अमावास्या म्हणजे पंधरा. अष्टमीला ८ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे सहा: सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वा अकरा. द्वितीयेला दीड. भरतीपासून साधारण सव्वासहा तास मागे किंवा पुढे गेलात की ओहोटी. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होणारच. पण बसमध्ये बसल्या बसल्या बेत आखायला पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट पाणी किती हटतं याची. पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. भरती मोठी येते, ओहोटीही खोल जाते. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे धड चढत नाही आणि धड उतरत नाही. खडकातली तळी पाहायची असतील तर भांगाचे दिवस फुकट जातात.

आता हे दोन्ही जोडा. द्वितीया-तृतीयेला उधाणाचा जोर असतो आणि ओहोटी सकाळी सव्वासात ते सव्वाआठच्या सुमाराला येते. उन्हं कोवळी, पाणी लांब गेलेलं, गर्दी अजून अंथरुणात. खडकाळ किनारा पाहण्यासाठी महिन्यातले हे सगळ्यात चांगले दिवस, आणि ते दोनदा येतात. चतुर्थीही चालून जाते. मी तरी कोणालाही आधी कालनिर्णय उघडायला सांगतो, हॉटेलांची अॅपं नंतर.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून वेळ पक्की करा. ते नेटवर सहज मिळतं. त्यात पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. ओहोटीचा आकडा अर्ध्या मीटरच्या खाली असेल तर खडकांवर जाण्यात अर्थ आहे, मीटरच्या जवळपास असेल तर बेत बदला. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, म्हणून दोन्ही आकडे बघा. त्याचबरोबर हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेचा समुद्राचा अंदाज पाहा. आभाळ निरभ्र असतानाही लांबच्या वादळामुळे उंच लाटा येतात आणि त्यांचा इशारा तिथे मिळतो. इशारा असेल तर ओहोटी कितीही छान असो, खडकांवर जायचं नाही.

पायाखालचा दगड ओळखा

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या टेकड्यांचा माथा बहुतेक ठिकाणी जांभ्याचा. उष्ण, पावसाळी हवेत मूळ खडक झिजून त्यातलं लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा तांबडा, भोकाभोकांचा दगड. किल्ल्यांपासून घरांपर्यंत सगळं त्यातच बांधलेलं. पण कड्याला आलेला जांभा पक्का नसतो. खालून लाटा पोखरतात, वरून पाणी मुरतं आणि कधीतरी अख्खा लपका खाली येतो. वागातोर, हरमल, काब द राम या सगळ्या ठिकाणी दोन नियम पाळा: कड्याच्या टोकाशी उभं राहायचं नाही, आणि सावली मिळते म्हणून कड्याच्या पोटात बसायचं नाही. पावसाळा संपल्यावरचे पहिले महिने तर जास्तच जपा.

कड्याच्या पायथ्याशी, लाटांच्या टप्प्यात, काळपट कठीण खडक उघडे पडतात. जीवसृष्टी त्यांच्यावर असते. दक्षिणेला काणकोणात दगडाचा नूर बदलतो. पाळोळ्याच्या टोकांना मोठमोठे गोलाई आलेले ग्रॅनाइटचे धोंडे दिसतील. चढायला ते मोह पाडतात, पण ओले असताना त्यांच्यावर पाय ठरत नाही.

हणजूण: खडकातली तळी

म्हापशाहून हणजूणला बस मिळते, स्कूटर असेल तर अर्ध्या तासाचं काम. ओहोटीच्या वेळेआधी एक तास पोचा आणि हटणाऱ्या पाण्याच्या मागोमाग पुढे सरका. पाणी वळलं की तुम्हीही वळा. कोष्टकात ओहोटी साडेसातची असेल तर साडेसात ही परतीला लागायची वेळ, हे डोक्यात पक्कं असू द्या.

वरून खाली येताना पट्टे बदलत जातात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. सगळ्यात वर, जिथे फक्त शिंतोडे पोचतात, तिथे दगडाच्या फटीत बारीक शंख चिकटलेले. त्याखाली बार्नेकलचा, म्हणजे दगडाला कायमचे चिकटलेल्या बारीक कवचधारी जीवांचा, पांढुरका खरखरीत थर आणि कालवांच्या कडा. या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात, हात टेकताना बघून टेका. त्याच्याही खाली हिरवं-तपकिरी समुद्री शेवाळ आणि खळग्यांत अडकलेलं पाणी. खरी मजा या खळग्यांत आहे.

एक खळगा निवडा, उकिडवे बसा आणि पाच मिनिटं हलू नका. तुमची सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, कारण आत खेकडा राहत असतो. तळाच्या वाळूशी रंग मिळवलेला बोटभर मासा उडी मारून शेजारच्या खळग्यात जातो. दगडाला चिकटलेला जेलीसारखा गोळा पाण्यात असला तर पाकळ्या पसरून समुद्रफूल होतो, पाण्याबाहेर राहिला तर मिटून बसतो. नशीब चांगलं असेल तर समुद्रकाकडी किंवा पानासारखे पंख हलवणारा समुद्री ससा दिसेल. खळगा बदलत राहिलात तर हाती काही लागत नाही, एकाच ठिकाणी बसलात तर हळूहळू सगळे बाहेर येतात.

पथ्यं थोडी आहेत. दगड उलटायचे नाहीत, आणि उलटलाच तर जसा होता तसा परत ठेवायचा, नाहीतर खालचे प्राणी उन्हाने मरतात. काही उचलून बाटलीत भरायचं नाही. समुद्रकाकड्या आणि प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाइतकंच संरक्षण आहे, "मुलाला दाखवायला नेतोय" हे कारण तिथे चालत नाही. शंकूसारखे नक्षीदार शंख तर अजिबात हातात घेऊ नका, त्यातल्या काही जातींचा दंश विषारी असतो. रिकामे शिंपलेही शक्यतो तिथेच राहू द्या, त्या खेकड्यांना पुढचं घर लागतं.

कालवं किंवा शिनाणे (खायचे शिंपले) काढणाऱ्या बाया भेटतील. त्यांना न विचारता फोटो काढू नका. ओहोटीचे दोन तास हाच त्यांचा कामाचा वेळ, त्यांच्याशी गप्पा मारायच्या असतील तर त्या परतीला लागल्यावर मारा. आज कुठल्या बाजूचा खडक निसरडा आहे, हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

वागातोर जवळच आहे. तिथल्या शापोरा किल्ल्यावरून नदीचं मुख आणि पलीकडची मोरजीची पुळण दिसते. संध्याकाळी तिथे जत्रा असते, म्हणून हणजूण आटोपल्यावर सकाळीच जाऊन यावं.

हरमल ते केरी

हरमलच्या मुख्य किनाऱ्यावरून उत्तरेला, दुकानांच्या रांगेतून जाणारी कड्याकडेची पायवाट पलीकडच्या छोट्या पुळणीवर उतरते. पुळणीच्या मागे गोड्या पाण्याचं तळं आहे. एका बाजूला समुद्र, मधे वाळूचा बांध आणि पाठीमागे झाडीतून आलेला ओहळ. हिवाळ्याच्या सकाळी खंड्या, पाणकावळे आणि झाडीत हळद्या दिसतात. तळ्यात साबण लावून आंघोळ करणारे महाभाग असतात, त्यांच्यात सामील होऊ नका.

तिथून केरीकडे खडकांवरून चालत जाता येईल असं वाटतं. जाऊ नका. भरतीत मधली वाट बुडते आणि वर कडा आहे. केरीला रस्त्यानेच जा. केरीच्या टोकाला तेरेखोलची नदी समुद्राला मिळते, प्रवाह जबर असतो, त्यामुळे मुखाशी पोहणं म्हणजे जिवाशी खेळ. फेरीबोटीने पलीकडे तेरेखोल किल्ला. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधलेला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला. तासाभरात पाहून होतो.

मोरजी, आगोंद, गालजीबाग: कासवं

गोव्यात ऑलिव्ह रिडले कासवं मुख्यतः चार पुळणींवर अंडी घालायला येतात: उत्तरेत मोरजी आणि मांद्रे, दक्षिणेत आगोंद आणि गालजीबाग. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पुढचे दीड ते दोन महिने ती अंडी वाळूच्या उबेवर. पिल्लू नर होणार की मादी, तेही वाळूच्या तापमानावर ठरतं. वन खात्याचे कर्मचारी आणि गावातले स्वयंसेवक घरटी शोधून जाळीचं कुंपण घालतात, गरज पडल्यास अंडी सुरक्षित जागी हलवतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचा कासव महोत्सव पाहिलेले लोक इथे येऊन "पिल्लं किती वाजता सोडणार?" असं विचारतात. सिनेमाचा खेळ असल्यासारखं वेळापत्रक अपेक्षू नका. करायचं ते असं: दिवसाउजेडी पुळणीवरच्या वन खात्याच्या खोपीशी जा, ड्युटीवरच्या माणसाला अदबीने विचारा की कुठलं घरटं दिवस भरत आलं आहे. तो सांगेल त्या वेळी, तो सांगेल तिथे उभे राहा. नाही म्हणाला तर नाही. मोरजीपेक्षा गालजीबागला गजबज कमी, सुरूच्या बनामागची ती पुळण दोन नद्यांच्या मधे आहे आणि मला ती सगळ्यात आवडते.

रात्री या चार किनाऱ्यांवर असाल तर बॅटरी आणि मोबाइलचा उजेड बंद. पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात. निसर्गात तो उजेड समुद्रावर असतो, तुमच्या मोबाइलचा असेल तर ती तुमच्याकडे, म्हणजे चुकीच्या दिशेला येतात. मादी वर चढताना दिसली तर जागच्या जागी थांबा, तिच्या वाटेत जाऊ नका. ती बिचकली तर अंडी न घालताच माघारी फिरते. फ्लॅश तर नकोच. पिल्लू हातात घेऊन फोटो काढणं हा गुन्हा आहे, समोर कोणीही घेतलं असलं तरी.

मादी प्रत्यक्ष दिसली नाही तरी पहाटे तिची वाट दिसू शकते: पाण्यापासून वर गेलेला आणि परत आलेला रुंद, खरवडल्यासारखा पट्टा. तो तुडवू नका, वन खात्याच्या माणसाला कळवा. आणखी एक, प्राणिप्रेमींना न आवडणारी गोष्ट: विणीच्या पुळणींवर भटक्या कुत्र्यांना बिस्किटं घालू नका. तीच कुत्री रात्री घरटी उकरतात.

मोरजीला कासव नसलं तरी पहाट फुकट जात नाही. शापोरा नदीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर हिवाळ्यात कुरवांचे आणि चिखल्यांचे थवे बसलेले असतात. दुर्बीण लावून लांबूनच पाहा. थव्यातून धावत जाऊन पक्षी उडवायचे आणि त्याचं रील करायचं, हा खेळ हल्ली वाढला आहे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची विश्रांती मोडण्यात कसली गंमत?

चोडण: इथे मात्र भरती हवी

आतापर्यंत ओहोटीच्या मागे धावलो, आता उलटं. मांडवी नदीतल्या चोडण बेटाच्या टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ मध्ये घोषित झालेलं, अवघं १.७८ चौरस किलोमीटर. सगळं कांदळवन. पणजीहून रायबंदरला जा. मधला तो लांब बंधारा-पूल सतराव्या शतकातला आहे आणि आसपासच्या मिठागरांत पक्षी दिसतात, म्हणून सावकाश जा. रायबंदरहून फेरीबोट, आणि पलीकडच्या धक्क्यापासून अभयारण्याचं दार चालत काही मिनिटांवर.

आत जायचे दोन मार्ग आहेत. एक पायवाट, तिच्यावरून तिवरांची वर आलेली श्वसनमुळं, एकाच नांगीने हातवारे करणारे खेकडे आणि चिखलावर उड्या मारणारे मासे जवळून दिसतात. त्याला पाणी उतरलेलं बरं. दुसरा मार्ग होडीचा. होडी खाड्यांच्या आतल्या फाट्यांत शिरते ती पाणी चढल्यावरच. म्हणून होडीवाल्याला आदल्या दिवशी गाठा आणि चढत्या पाण्यावर निघायचं ठरवा. पौर्णिमा-अमावास्येला सकाळी आठ-साडेआठला निघालात तर पाणी चढत असतं आणि ऊनही फार वर आलेलं नसतं. खंड्याचे दोन-तीन प्रकार, राखी बगळे, ब्राह्मणी घारी, फांद्यांना लटकलेली मोठी वटवाघळं सहज दिसतात. पाणमांजर दिसलं तर तो दिवस सोन्याचा. इंजिन बंद करून वल्ह्याने न्यायला सांगा, त्यासाठी पैसे थोडे जास्त पडले तरी द्या.

हात पाण्यात सोडून बसू नका. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत. आपल्याकडची ही मगर एरवी गोड्या पाण्यातली, पण इथे खाऱ्या पाण्यात पिढ्यानपिढ्या नांदते आहे. फोंडा तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा होते, 'मानगे थापणी' म्हणतात त्याला. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचे, बांध सांभाळताना मगरीशी रोजचा संबंध येणाऱ्यांची ती रीत. बांधावर मानस, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची लाकडी दारं दिसतील. त्यांना हात लावू नका, एका चुकीने गावाच्या शेतात खारं पाणी शिरतं.

पक्ष्यांचीच ओढ असेल तर जवळच करमळीचं तळं आहे, रेल्वे स्टेशनच्या अगदी शेजारी. भरती-ओहोटीची भानगड नाही, हिवाळ्यातली कुठलीही सकाळ चालते.

डॉल्फिनची फेरी

गोव्याच्या उथळ पाण्यात मुख्यतः कुबड असलेले डॉल्फिन दिसतात, मांडवीच्या मुखाशी आणि पाळोळ्याच्या बाजूला. सकाळी लवकर, वारा सुटण्याआधी जा. लाइफ जॅकेट नसलेल्या होडीत चढू नका. होडीला बंदर कप्तान खात्याचा परवाना आहे का, तेही विचारा. "डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत" अशी पाटी असेल तर ती होडी टाळा, असं माझं मत. पैसे परत करावे लागू नयेत म्हणून चार-चार होड्या एका कळपाला घेरतात. इंजिन मंद ठेवून लांब थांबणारा होडीवाला निवडा.

दक्षिण: काब द राम ते पाळोळे

मडगावहून बेतुलमार्गे काब द राम. वनवासात राम-सीता इथे राहिले, अशी आख्यायिका. किल्ला १७६३ मध्ये सौंध्याच्या राजाकडून पोर्तुगीजांकडे गेला, विसाव्या शतकात काही काळ तिथे तुरुंग होता. आत सांत आंतोनचं चर्च आणि बाकी रान. इथे दुपारी चारनंतर या. बुरुजावरून खाली कडा आणि समुद्र, आणि तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर तरंगणारा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. एरवी मान वर करून पाहावा लागणारा पक्षी इथे समोर, कधी तर खालून जाताना दिसतो.

पावसाळ्यात आलात तर आजूबाजूचे सडे पाहा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जांभ्यावरच्या बोटभर मातीत निळ्या-जांभळ्या सीतेची आसवं, पांढरी गेंदं, तेरडा आणि कीटक खाणारी दवबिंदू फुलते. गाडी सड्यावर घालू नका, उघड्या दगडावर पाय ठेवत चाला. काही फुलं एवढी बारीक असतात की आडवं झाल्याशिवाय दिसत नाहीत, मग छत्री बाजूला ठेवून आडवं व्हावं.

पुढे खोल्याची पुळण. ओहळाचं पाणी वाळूमागे अडून तिथे तळं झालं आहे. उतरायचा रस्ता खराब आहे, छोटी गाडी वरच ठेवा. आगोंदला पाण्याला ओढ जास्त, पोहायचं असेल तर पाळोळ्याच्या आखातात.

पाळोळ्याच्या उत्तर टोकाला छोटं बेट आहे. खोल ओहोटीत गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. जाताना पाय घासत चला, म्हणजे वाळूत लपलेला पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच बाजूला होतो. तृतीयेच्या सकाळी आठ-सव्वाआठची ओहोटी धरून सातला निघा आणि नऊच्या आत परत या. बेटावर फोटो काढत बसलेल्यांचा परतीचा रस्ता दर हंगामात बुडतो, मग कमरेच्या वर पाणी आणि खाली निसरडे धोंडे. बटरफ्लाय बीचला पाळोळ्याहून किंवा आगोंदहून होडी मिळते. समुद्र जरा जरी उसळलेला असेल तरी टाळा, तिथे होडीतून उतरणंच अवघड असतं.

किनाऱ्याचा कंटाळा आला तर खोतीगाव अभयारण्य पाळोळ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. क्षेत्र सुमारे ८६ चौरस किलोमीटर. सकाळी दार उघडताच आत जा. शेकरू आणि धनेश यांच्यापुरती अपेक्षा ठेवलीत तर निराश होणार नाही.

तीन-चार दिवसांचा नमुना

पौर्णिमेला किंवा अमावास्येला सकाळी चोडण, होडीने. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पुन्हा ओहोटी, तेव्हा वागातोरचे खडक, अंधाराआधी परत. प्रतिपदेला पहाटे मोरजी, मग हरमलचं तळं. द्वितीयेला सकाळी साडेसहापासून हणजूण, जेवून दक्षिणेकडे, वाटेत काब द रामला सूर्यास्त. तृतीयेला पाळोळ्याचं बेट, दुपारी विश्रांती, संध्याकाळी गालजीबाग. तुमची सुट्टी अष्टमीला येत असेल तर खडक सोडा आणि करमळी, खोतीगाव, डॉल्फिन असा बेत करा.

गाडी, सामान, सावधानता

उत्तरेसाठी थिवी किंवा पेडणे स्टेशन, दक्षिणेसाठी मडगाव किंवा काणकोण. मोपाचा विमानतळ उत्तर टोकाला, दाभोळीचा मधोमध. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसा मोठ्या गावांना जोडतात, पण पहाटे सहाला खडकांवर पोचायचं तर स्वतःची गाडी हवी. स्कूटर भाड्याने घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची स्वस्त मिळते, पण पोलिसांनी अडवलं की स्वस्ताई संपते. हेल्मेट दोघांनाही मागून घ्या. गाडी वाळूत घालणं बेकायदा आहे.

पायात चप्पल नको. पकड असलेले, भिजले तरी चालणारे बूट हवेत, पावसाळी प्लास्टिकचे सँडलही चालतील. बरोबर दुर्बीण, टोपी, भरपूर पाणी, जखम धुवायला जंतुनाशक आणि फोनसाठी पाणीरोधक पिशवी. कालवाने कापलेलं किरकोळ वाटतं, पण लवकर चिघळतं. तिथल्या तिथे स्वच्छ करा.

जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे हात न लावता चिमट्याने काढा आणि जीवरक्षकाकडे जा. जीवरक्षक सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा या वेळात असतात. म्हणजे पहाटेच्या ओहोटीला तुम्ही एकटे आहात, हे गृहीत धरूनच पुढे जा आणि निदान एक सोबती बरोबर ठेवा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहा, लाल झेंडा असेल तर पाण्याबाहेर. खडकावर समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, सेल्फीसाठी तर नाहीच. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

किनाऱ्यावर जखमी कासव किंवा डॉल्फिन सापडला तर त्याला परत समुद्रात ढकलू नका. तो आजारी असल्यामुळेच वर आलेला असतो. माणसं आणि कुत्री लांब ठेवा, ओल्या फडक्याने सावली-ओलावा द्या. डॉल्फिनच्या डोक्यावर श्वासाचं छिद्र असतं, त्यात पाणी किंवा फडकं जाऊ देऊ नका. सगळ्यात जवळच्या जीवरक्षकाला किंवा वन खात्याला कळवा आणि ते येईपर्यंत तिथून हलू नका.